दोन घरांत ससा पाळताय? या चुका टाळा

आठवडाभर पुण्यातली भाड्याची खोली, सुट्टीला डोंबिवलीचं घर. आमची सशीण भुरी तीन वर्षं माझ्याबरोबर हा फेरा करते आहे. पहिल्या वर्षी एका रविवारी ती डोंबिवलीत पलंगाखाली जाऊन बसली, ती बाहेर येईना. आई म्हणाली, "दमली असेल रे, झोपू दे." मीही झोपू दिलं. संध्याकाळी ट्रे पाहिला, तर सकाळपासून एकही लेंडी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, आतड्यांची हालचाल मंदावली आहे, उद्यापर्यंत थांबला असता तर हाताबाहेर गेलं असतं. त्या एका दिवसामागे माझ्या कितीतरी चुका होत्या.

प्रवासाआधी उपाशी ठेवणं

कुत्र्याला गाडी लागते म्हणून आपण त्याला खायला देत नाही. सशाला उलटी होतच नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. उलट त्याचं पोट सतत चालतं राहावं लागतं. पेटीत मूठभर सुकं गवत आणि ओल्या कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवा. पाण्याची वाटी गाडीत सांडते आणि ससा भिजतो, म्हणून ती वाटेत थांबल्यावरच द्या.

दोन घरांत दोन तऱ्हेचं खाणं

सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतं. पुण्यात भुरी गवतावर असायची. डोंबिवलीत आजी प्रेमाने गाजर, केळं, पोळीचा तुकडा भरवायची. सशाच्या आतड्यातल्या एका मोठ्या पिशवीत जिवाणू गवताचा चोथा आंबवतात. अचानक साखर आणि पीठ गेलं की त्यांचा तोल बिघडतो, गॅस धरतो, आतडी मंदावतात. मोठ्या सशाचं जवळजवळ ८० टक्के खाणं सुकं गवतच हवं. दातही आयुष्यभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. पेलेट्स, म्हणजे सशाच्या तयार खाण्याच्या गोळ्या, वजनाच्या किलोमागे रोज साधारण २५ ग्रॅम पुरतात.

डोंबिवलीत टिमोथी (सशांना देतात ते सुकं गवत) मिळालं नाही म्हणून मी एकदा लसूणघास आणली होती. ती वाढत्या पिल्लांना चालते, पण तिच्यात कॅल्शियम फार, मोठ्या सशाला रोज नको. आता गवताची एकाच प्रकारची पिशवी दोन्हीकडे असते. पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात न ठेवता कोरड्या जागी कापडी पिशवीत टांगतो आणि बुरशीचा वास आला की टाकून देतो. ताज्यात हरळी, कोथिंबीर, पुदिना आणि मुळ्याचा पाला दोन्ही गावांत मिळतो. आजीला मी नाही म्हटलं नाही. हरळीची जुडी तिच्या हातात दिली, आता तीच भरवते.

ट्रे घासूनपुसून ठेवणं

ससा घर वासाने ओळखतो. चकचकीत ट्रे आणि धुतलेली चादर त्याला परकी वाटते, मग तो कोपऱ्यात मुततो किंवा लपून बसतो. निघताना आधीच्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं गवत आणि एक न धुतलेलं फडकं बरोबर घ्या. दोन ससे जोडीने राहत असतील तर दोघांनाही न्या. एकाला मागे ठेवलं तर परतल्यावर दुसऱ्याशी भांडण जुंपू शकतं.

उन्हाचा अंदाज न घेणं

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, बरीचशी उष्णता तो कानांतून सोडतो. तापमान तिशीकडे गेलं की त्याला ऊन लागण्याचा धोका असतो. घाटात नाहीतर शिळफाट्याला गाडी अडकली की एसीशिवाय त्याचे हाल होतात. म्हणून उन्हाळ्यात मी शनिवारी पहाटे निघतो. पेटी कडक, हवेशीर आणि पट्ट्याने बांधलेली हवी. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवतो. बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही सोडू नका.

दुसरं घर तसंच ठेवणं

चार्जरच्या वायरी, मनी प्लांट, दारातली कण्हेर (ती तर फारच विषारी) आवाक्यात नकोत. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, सतरंजी अंथरा.

वाट पाहणं आणि घरगुती औषध

दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या नाहीत, तर ते तातडीचं समजा. पोट फुगलेलं, टणक लागत असेल तर सिरिंजने काही भरवू नका, आधी डॉक्टर. आपल्या घरातलं अमोक्सिसिलिन (माणसांचं अँटिबायोटिक) तोंडाने देणं सशाच्या जिवावर बेतू शकतं. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलही लावू नका. सशाची माहिती असलेले डॉक्टर फार थोडे, म्हणून दोन्ही गावांतले नंबर आधीच शोधून ठेवा.

एवढं करूनही दर प्रवासानंतर ससा खाणं सोडत असेल, तर मला वाटतं त्याला एकाच घरी ठेवावं आणि आपण ये-जा करावी. मात्र तिथे रोज दोनदा बघणारं माणूस हवंच.

रविवारी सकाळी आई आता सगळ्यांत आधी ट्रे बघते आणि मी उठायच्या आत येऊन सांगते, "भरपूर आहेत, मोठ्या आहेत."