कोडची झाडलोट करा, पण गिट ब्लेम शाबूत ठेवा

‘बॅटल फॉर वेसनॉथ’सारख्या २००३ पासून चालत आलेल्या ओपन सोर्स गेमचा कोड आवरायचा म्हणून फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) फिरवला, की गिट ब्लेममध्ये, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञेत, ओळीओळीवर तुमचंच नाव! हल्ल्यातल्या नुकसानाचं ते विचित्र गणित कोणी आणि का लिहिलं हे शोधायला जावं, तर हाती लागतं ‘टॅब-स्पेस नीट केले’.

१. झाडलोटीचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) वेगळा ठेवा. ‘जाता जाता’ एखादा बग सोडवायचा मोह होतोच, तो आवरा.

२. रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या गिट फोल्डरच्या) मुळाशी ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज’ ही फाइल करा (नाव अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत). त्यात त्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (गिटने दिलेला ओळख क्रमांक) टाका, वर # देऊन कारण लिहा. ब्लेम हे कमिट वगळून त्याआधीचा लेखक दाखवतं.

३. गिट कॉन्फिगमध्ये ‘ब्लेम.इग्नोररेव्जफाइल’ला या फाइलचं नाव द्या. गिट २.२३ किंवा पुढचं हवं. हे ग्लोबल करू नका. ज्या रिपॉझिटरीत ही फाइल नाही तिथे ब्लेम एरर देऊन थांबतं. गिटहबच्या ब्लेम पानावर मात्र काही करावं लागत नाही.

एक सांभाळा: कमिट मुख्य शाखेत मर्ज झाल्यावरच त्याचा हॅश लिहा. स्क्वॉश (अनेक कमिट एकत्र करणं) किंवा रिबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) झालं की तो बदलतो.