दोन विमानतळांमधील हवाई अंतर कसे काढावे

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर लांबच्या मार्गांसाठी निरुपयोगी असते. पृथ्वीगोलावरील सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीचा मध्य हेच केंद्र असलेल्या वर्तुळाच्या) कंसावरून जाते आणि आपल्याला त्या कंसाची लांबी हवी असते. त्यासाठीचे हॅव्हर्साइन सूत्र सर्वत्र सापडते. त्यात घालायचे आकडे कसे तयार करावेत, हे मात्र क्वचितच कोणी नीट सांगते.

१. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश संबंधित देशाच्या अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तिकेतून घ्यावेत. शहराचे अक्षांश-रेखांश चालणार नाहीत.

२. ते दशांश अंशांत बदलावेत. गणित बिघडते ते येथेच. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटे ३९ सेकंद उत्तर असा आहे आणि पुस्तिकांत तो ५१२८३९ असा सलग छापलेला असतो. पुष्कळ जण तो सरळ ५१.२८३९ असा लिहितात आणि विमानतळ वीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकवतात. मिनिटांना ६० ने व सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज केल्यास ५१.४७७५ हा योग्य आकडा मिळतो.

त्याहून फसवी गोष्ट चिन्हाची. दक्षिण अक्षांश व पश्चिम रेखांश ऋण धरावे लागतात. हीथ्रोचा रेखांश ०.४६१४ पश्चिम, म्हणजे शून्याला अगदी खेटून आहे. त्याचे ऋण चिन्ह विसरले, तर न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचे अंतर सुमारे ५,५४० ऐवजी ५,६०० किलोमीटर येते, आणि हे उत्तर इतके पटण्याजोगे दिसते की कोणाला शंकाही येत नाही. उत्तर ठीक वाटते म्हणून ते बरोबर आहे, असे कधीही मानू नये; गणितापूर्वी दोन्ही बिंदू नकाशावर टाकून ते विमानतळांच्या आवारातच पडतात ना, हे पाहावे. ही तपासणी वगळायला सांगणाऱ्याचे ऐकू नये.

एक्सेलसारख्या तक्त्यात कोन रेडियनमध्ये द्यावे लागतात. म्हणून प्रत्येक कोनाला π ने (पाय, सुमारे ३.१४१६) गुणून १८० ने भागावे. हे विसरल्यास उत्तर पार चुकते, पण ते नेहमी हास्यास्पद दिसेलच असे नाही.

३. सूत्र असे:
क = साइन²(अक्षांशांतील फरक ÷ २) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × साइन²(रेखांशांतील फरक ÷ २)
अंतर = २ × ६३७१ × आर्कसाइन(√क)
येथे ६३७१ ही पृथ्वीची किलोमीटरमधील सरासरी त्रिज्या होय. मार्ग १८० अंशांचा रेखांश ओलांडत असला तरी वेगळे काही करावे लागत नाही.

४. नॉटिकल मैल हवे असल्यास उत्तराला १.८५२ ने भागावे.

हे सूत्र पृथ्वीला पूर्ण गोल मानते. ध्रुवांजवळ ती किंचित चपटी असल्याने वरच्या उदाहरणात सुमारे १५ किलोमीटरचा फरक पडतो. तेवढाही चालणार नसेल, तर १९७५ मधील विन्सेंटी यांची पद्धत वापरावी. मात्र पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरील बिंदूंसाठी तिचे गणित कधीकधी उत्तरापर्यंत पोहोचतच नाही.

विमान प्रत्यक्षात कापते ते अंतर सहसा याहून जास्त असते, कारण उड्डाण व उतरण्याचे ठरलेले मार्ग, वारे आणि बंद हवाई हद्दी त्यात वळणे आणतात. त्यासाठी ठरावीक टक्के वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ती वाढ मार्गागणिक आणि दिवसागणिक बदलते. खरा आकडा हवा असेल, तर त्या उड्डाणाचा नोंदलेला मार्ग तुकड्यातुकड्यांनी याच सूत्राने मोजून बेरीज करावी.