भाद्रपदात भाजी-फुलांची गाडी सेल्फ घेत नसेल तर

गणपतीच्या तोंडावर गोराई-मनोरीच्या वाड्यांमधून आणि वसई पट्ट्यातून पालेभाजी, फुलं, केळीची पानं उजाडायच्या आत दादरला नाहीतर वाशीला पोचवायची असतात. नेमक्या याच दिवसांत पिकअप आणि टेम्पो अडतात, कारण दोन-अडीच महिने ते पावसात उघड्यावर उभे असतात आणि वर खाडीची खारी हवा. ताडपत्रीखाली रचलेल्या ओल्या पालकाच्या जुड्या आतून तापायला वेळ लागत नाही. म्हणून गाडी तपासायची ती माल भरायच्या आदल्या दिवशी, उजेडात.

आधी एवढंच ठरवा: चावी फिरवल्यावर इंजिन फिरतच नाही, की फिरतं पण पेटत नाही? फिरत नसेल तर डिझेलच्या फिल्टरला हात लावू नका. जोमात फिरत असेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही.

फिरत नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट मालवला आणि नुसतं टकटकटक वाजलं, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल पकड देत नाही. लाइट लख्ख राहिला आणि आवाजच नाही, तर करंट सेल्फपर्यंत जात नाही. मग फ्यूज, रिले, इग्निशन स्विच बघा. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाडीत क्लचचा स्विचही बघा. बऱ्याच ट्रॅक्टरना पीटीओचा, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टचा, दांडा गुंतलेला राहिला तरी सेल्फ लागत नाही, आणि मेकॅनिक येऊन तेवढा दांडा सोडवून जातो. एकच जोराचा 'टक' येऊन सगळं थांबलं, तर सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे, कॉन्टॅक्ट जळालेत किंवा सेल्फची मोटर अडकली आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, असं असताना मोटरच्या अंगावर लाकडी दांड्याने दोन हलके ठोके दिले तर कधी कधी फिरते. फिरली तर समजा, मोटरमधले कार्बनचे ब्रश बहुधा झिजलेत. बाजार करून आल्यावर त्याच दिवशी मोटर उघडायला द्या.

व्होल्ट मोजायचा मीटर शे-दोनशे रुपयांतही मिळतो, तो गाडीत असू द्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर चार्जिंगलाच लावा. ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ६ अँपिअरने दहा-बारा तास लागतात. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून गेलेली असते. पाणी भरायची बॅटरी असेल तर प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर डिस्टिल्ड वॉटर हवं. नळाचं पाणी नको, आणि ॲसिड तर वरून कधीच घालू नका.

टर्मिनलवर हिरवट-पांढरा फुलोरा आला असेल तर आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसा, पॉझिटिव्ह आधी जोडा, आवळा आणि वरून व्हॅसलीन चोपडा. लावताना क्लॅम्प हाताने हलला तरी तो सैलच समजायचा.

एवढं करूनही सेल्फ ढिम्म असेल तर नवी बॅटरी घ्यायच्या आधी अर्थिंग बघा. बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनाला आणि बॉडीला जाणारी पट्टी खाऱ्या हवेत बोल्टखाली गंजते. वरून धड दिसते, पण सेल्फला लागणारे शे-दोनशे अँपिअर त्या गंजातून जात नाहीत. जंप केबलची काळी वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा. इंजिन झटक्यात फिरलं तर दोष पट्टीचा. बोल्ट काढा, दोन्ही बाजू कानशीने चकचकीत करा, परत आवळा.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करायची असेल तर लाल वायर दोन्ही पॉझिटिव्हना जोडा. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनाला लावा, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो.

आता इंजिन फिरतं पण पेटत नाही ते. सेल्फ दहा सेकंदांच्या वर दाबू नका आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्या, नाहीतर मोटरही जाईल. डिझेल गाडीत पावसाळ्यात पहिला संशय पाण्याचा. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा आणि पाच मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर बसला तर ते पाणी आहे. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडत राहा. मग फिल्टरजवळचा डिझेलचा हँडपंप कडक लागेपर्यंत मारा. डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायची तर फिल्टरवरच्या एअर स्क्रूतून. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल जातं, इंजेक्टरचे पाइप सैल करू नका, चालू इंजिनात तिथला दाब हजार बारच्या वर जातो. जुन्या ट्रॅक्टरचा इंजिन बंद करायचा स्टॉपचा नॉब ओढलेलाच राहिला असेल तर मात्र एअर काढून उपयोग नाही.

सीएनजी गाड्यांचं वेगळं. त्यातल्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. गॅस भरला की पेट्रोलकडे कुणी बघत नाही. टाकी तळाला, पेट्रोल महिनोन्महिन्यांचं, आणि पंप कोरडा फिरून जळालेला. चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा. टाकीत निदान पाच लिटर ताजं पेट्रोल असू द्या. बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही शोधा. गवतात उभ्या गाडीत त्यांना कोरडी जागा मिळते.

सबवेत किंवा तुंबलेल्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीला मात्र सेल्फ मारूच नका. एअर फिल्टर काढून बघा. ओला असेल तर पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. एका सेल्फमध्ये इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइलची डिपस्टिक दुधाळ दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. धक्का मारून चालू करायचा मोहही नको, त्यानेही तेच होतं. गाडी न्यूट्रलला टाकून ओढून न्या आणि माल आधी दुसऱ्या टेम्पोत चढवा.