मांजाने गळा चिरला तर: रक्त थांबवा, लकव्यावरही नजर ठेवा

संक्रांत जवळ आली की नागपूरच्या उड्डाणपुलांवर नायलॉन मांजा नेमका गळ्याच्या उंचीवर आडवा येतो. बंदी आहे, तरी मिळतोच. साधा सुती मांजा ताण बसला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, आणि गाडी चालती असल्याने तो करवतीसारखा आत जातो. आधी कातडी, मग स्नायू, त्याखाली कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी.

जखमीला आडवं करा. बसवून पाणी पाजणं ही आपली सवय, पण इथे ती नको: मोठी शीर उघडी असेल तर श्वासासरशी हवा आत ओढली जाते. तोंडात रक्त येत असेल तर कुशीवर वळवा. रुतलेला मांजा ओढू नका, दोन्हीकडची टोकं कापा.

आता दाब. दुपट्ट्याची घट्ट घडी करून, जिथून रक्त उसळतंय तिथेच दोन-तीन बोटं रोवा. पसरलेल्या तळव्याने नुसतं झाकलं जातं, धार थांबत नाही. रक्त थांबेल इतकंच दाबा. श्वासनळी दाबू नका, दोन्ही बाजू एकदम तर कधीच नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. तरी वाहतंय? मग बोट चुकीच्या जागी आहे, जरा सरकवा. थांबलं का म्हणून उचलून पाहू नका, गुठळी निघते. गळ्याभोवती गाठ मारू नका. हळद नको.

१०८ लावा. जवळच्या दवाखान्यात वरवर टाके घालून घरी जाणं सगळ्यात घातक. मेडिकल, मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं किंवा सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन असलेलं रुग्णालय गाठा.

कारण धमनीचं आतलं अस्तर फाटलं असेल तर तिथे गुठळी धरते आणि सुटून मेंदूत जाते. हे तासांनी, कधी दिवसांनीही होतं. तोवर बाहेरची जखम सुकलेली दिसते. गळा डावीकडे कापला असेल तर उजवा हात-पाय लुळा पडतो, बहुतेकांची वाचाही जाते. कापलेल्या बाजूच्या डोळ्यापुढे क्षणभर अंधारी येणं हाही इशाराच. लकवा ओळखण्यासाठी वाटेत दर पंधरा मिनिटांनी हसायला सांगा, दोन्ही हात दहा सेकंद वर धरायला लावा, एक वाक्य बोलून घ्या. आवाज बसला किंवा गळ्याची सूज वाढत गेली तर आत रक्त साचत असू शकतं.

घरची ॲस्पिरिन देऊ नका. नेहमीच्या लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, ताज्या जखमेत त्यानेच रक्तस्राव भडकू शकतो. इथे धमनी शिवायची, शिरेचा तुकडा जोडायचा की स्टेंट (आतून आधार देणारी जाळीची नळी) टाकायचा, ते सर्जन ठरवतात. त्यांना दोन वेळा लागतात: गळा कधी कापला आणि हात कधी लुळा पडला. दोन्ही जखमीच्या मनगटावर पेनाने लिहून ठेवा. कॅज्युअल्टीच्या गडबडीत चिठ्ठी हरवते.