फेडर सरकतो, पण पडद्यावर काही हलत नाही : ध्वनिसंपादनाच्या कंट्रोलरमधील बिघाड कसा शोधावा

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की नागपुरातील लहान-मोठ्या स्टुडिओंमध्ये भीमगीतांच्या ध्वनिमुद्रणाची घाई सुरू होते, आणि नेमक्या अशाच एखाद्या रात्री टेबलावरचा कंट्रोलर, म्हणजे संपादनाचे सॉफ्टवेअर बटणांनी आणि सरकपट्ट्यांनी चालवणारे उपकरण, मुका होतो. त्याचे दिवे लागलेले असतात, फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) हाताने सरकतो, पण पडद्यावरील मिक्सर जागचा हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. माझ्या मते तो अगदी शेवटचा उपाय आहे, कारण त्यात पूर्वी केलेल्या जोडण्या पुसल्या जाण्याचा धोका असतो आणि नंतर कंट्रोलर चालू झाला तरी बिघाड कोठे होता हे कधीच कळत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : संगणकाला उपकरण दिसते का, उपकरणाने पाठवलेला संदेश संगणकापर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचलेला संदेश सॉफ्टवेअरला कळतो का. आधीच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे वळू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

संगणकाला उपकरण दिसते का

सुरुवात केबलपासून करावी. मोबाइलसोबत आलेल्या काही केबलींमध्ये केवळ वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतात. अशा केबलीवर कंट्रोलरचे दिवे नेहमीसारखे लागतात आणि आपण निष्कारण ड्रायव्हर (उपकरण चालवण्यासाठी संगणकाला लागणारा प्रोग्रॅम) शोधत बसतो. दुसरी अडचण लांबीची असते. पंख्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून संगणक शेजारच्या खोलीत ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु यूएसबी २.० च्या साध्या केबलीची मर्यादा सुमारे ५ मीटर आहे. दोन केबली जोडून ती ओलांडली, तर कंट्रोलर कधी दिसतो, कधी दिसत नाही. तपासणीपुरती तरी एक मीटरची, खात्रीची केबल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टात लावावी.

मधला हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) काढून टाकण्याचे कारणही विजेचेच आहे. यूएसबी २.० च्या एका पोर्टातून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळू शकते, पण स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबच्या प्रत्येक पोर्टाच्या वाट्याला मानकानुसार १०० मिलिअँपिअरच येतात. छोटी बटणपट्टी तेवढ्यावर चालते. मोठा पडदा आणि दिव्यांच्या रांगा असलेला कंट्रोलर मात्र मध्येच मान टाकतो. मोटर असलेले फेडर ज्यात आहेत, त्या कंट्रोलरला सहसा स्वतःचा अडॅप्टर लागतो. यूएसबीवर त्याचे दिवे लागले म्हणून तो पूर्ण चालू आहे असे समजू नये.

यानंतर विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि केबल काढून पुन्हा लावताना यादीत काय बदलते ते पाहावे. काहीच बदलले नाही, तर दोष केबल, पोर्ट किंवा कंट्रोलर यांपैकी एकात आहे. पिवळ्या त्रिकोणासह नोंद आली, तर तिच्यावर दोनदा क्लिक करून कोड वाचावा : कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही, कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही, आणि कोड ४३ सोबत उपकरणाचे नाव ‘अज्ञात’ असे दिसत असेल, तर उपकरण स्वतःची ओळखच नीट सांगू शकत नाही, म्हणून पुन्हा केबलीकडे वळावे. मॅकवर हेच काम ऑडिओ मिडी सेटअप या प्रोग्रॅममध्ये होते. तेथे कंट्रोलरचे चित्र फिकट दिसत असेल, तर तो पूर्वी जोडलेला होता, पण आत्ता पोहोचत नाही असा अर्थ घ्यावा.

कंट्रोलर काही वेळ चालतो आणि निवांत बसला की गायब होतो, ही तक्रार लॅपटॉपवर अधिक आढळते. वीज वाचवण्यासाठी विंडोज वापरात नसलेले यूएसबी उपकरण झोपवते. पॉवर ऑप्शन्समधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या भागातील, संगणकाला हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाकावी.

कूलर, अर्थिंग आणि यूएसबी

हा भाग पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित अनावश्यक वाटेल, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर नागपुरात कूलरशिवाय बसणे शक्य नसते, आणि कूलरची मोटर व पाण्याचा पंप ही यूएसबीची जुनी डोकेदुखी आहे. माझ्याकडील जॉग व्हील (ध्वनी पुढे-मागे नेण्यासाठी फिरवायचे चाक असलेला कंट्रोलर) दुपारी दर काही मिनिटांनी संगणकापासून तुटत असे आणि रात्री बिनतक्रार चालत असे. मी दोन केबली आणि एक हब बदलला. शेवटी लक्षात आले की ज्या एक्स्टेंशन बोर्डावर संगणक होता, त्यावरच कूलरही होता. मोटर सुरू किंवा बंद होताना त्या तारांमध्ये विजेचा क्षणिक झटका उमटतो, आणि यूएसबीची देवाणघेवाण त्या क्षणी बिघडली, तर संगणक कंट्रोलर निघून गेल्याचे समजून बसतो. कूलर दुसऱ्या भिंतीवरील वेगळ्या पॉइंटवर नेल्यावर प्रश्न मिटला. वेगळा पॉइंट नसेल, तर यूएसबी केबल विजेच्या तारांपासून दूर ठेवावी आणि फेराइटचा मणी (विजेचा गोंगाट रोखणारा चुंबकीय तुकडा) असलेली केबल वापरून पाहावी.

अर्थिंगकडेही उन्हाळ्यातच पाहावे. जमीन पूर्ण वाळली की अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध वाढतो, आणि एरवी ठीक असलेल्या घरात कंट्रोलरच्या धातूच्या कडेला बोट लावल्यास सूक्ष्म झिणझिणी जाणवू लागते. खड्ड्यात नियमित पाणी घालणे हा जुना उपाय आजही उपयोगी आहे. मात्र न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजण्याचे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

संदेश पोहोचतो का

यादीत उपकरण दिसू लागले, म्हणजे अर्धे काम झाले. आता संपादनाचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करावे आणि मिडी (संगीत-उपकरणे आणि संगणक यांची संदेशांची भाषा) संदेश दाखवणारा एखादा छोटा प्रोग्रॅम उघडावा. विंडोजवर मिडी-ऑक्स हा त्यातला जुना आणि भरवशाचा आहे. प्रत्येक बटण दाबून, प्रत्येक फेडर सरकवून ओळी उमटतात का ते पाहावे. मॅकी कंट्रोल या प्रचलित संदेश-पद्धतीने बोलणाऱ्या कंट्रोलरवर प्ले दाबल्यास ९४ क्रमांकाचा नोट (स्वराचा संदेश), स्टॉप दाबल्यास ९३ आणि रेकॉर्ड दाबल्यास ९५ उमटतो, तर फेडर पिच बेंडच्या, म्हणजे एरवी स्वर वर-खाली करणाऱ्या मिडी संदेशाच्या, रूपात बोलतात. सर्व ओळी नीट उमटत असतील, तर कंट्रोलर, केबल आणि ड्रायव्हर या तिघांनाही दोषमुक्त समजावे. हात न लावता एकाच फेडरच्या ओळी सतत येत असतील, तर त्या फेडरमध्ये धूळ गेली आहे. फेडरसाठीच बनवलेला क्लीनर वापरावा, गंज काढणारा साधा स्प्रे कधीही वापरू नये.

सॉफ्टवेअर आधी बंद करण्यास कारण आहे. विंडोजवरील अनेक मिडी ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला दार उघडतात. ब्राउझरच्या एखाद्या टॅबने किंवा मागे चालू राहिलेल्या दुसऱ्या संपादकाने ते दार अडवले असेल, तर आपल्या सॉफ्टवेअरला कंट्रोलर यादीत दिसतो, पण उघडता येत नाही. ही स्थिती बिघाडासारखी दिसते, पण तो बिघाड नव्हे.

सिरियल उपकरणांची, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पोर्टावर चालणाऱ्या उपकरणांची, गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यावर अधिक वेळ घालवणे भाग आहे. जुन्या टेपयंत्रांना चालवणारा सोनीचा ९-पिन प्रोटोकॉल आरएस-४२२ या विद्युत पद्धतीवर चालतो. त्याचा वेग ३८,४०० बॉड (दर सेकंदाला बिट), ८ डेटा बिट, विषम पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) आणि १ स्टॉप बिट असा ठरलेला आहे. त्याचे जोडटोक संगणकाच्या आरएस-२३२ पोर्टासारखेच नऊ पिनांचे असल्याने लोक थेट जोडतात आणि काहीच घडत नाही, कारण दोहोंची विद्युत रचना निराळी आहे आणि मध्ये योग्य कन्व्हर्टर लागतो. पॅरिटी सवयीने ‘काही नाही’ अशी ठेवली, तरीही यंत्र गप्पच बसते.

यूएसबी ते सिरियल केबल वापरत असाल, तर आतली चिप कोणती आहे हे जाणून घ्यावे. प्रॉलिफिकच्या पीएल-२३०३ मालिकेतील जुन्या चिपांना नवे विंडोज ड्रायव्हर नाकारतात, आणि तशी सूचना उपकरणाच्या नावाच्या जागीच दिसते. अशी केबल बदलणे हेच शहाणपणाचे. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) नवी केबल घेताना केवळ रंग आणि टोक न पाहता चिपचे नाव विचारून घ्यावे. केबल चांगली आहे का, हे तपासण्याची सोपी युक्ती अशी : आरएस-२३२ केबलीच्या टोकाशी पिन २ आणि पिन ३ तारेच्या तुकड्याने जोडाव्यात, पुट्टीसारख्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये फ्लो कंट्रोल बंद ठेवून तो पोर्ट उघडावा आणि काही अक्षरे टाइप करावीत. अक्षरे पडद्यावर उमटली आणि तारेचा तुकडा काढताच उमटेनाशी झाली, तर केबल व ड्रायव्हर ठीक आहेत.

कॉम पोर्टाचा, म्हणजे विंडोजमधील सिरियल पोर्टाचा, क्रमांकही पाहावा. केबल वेगळ्या यूएसबी पोर्टात लावली की विंडोज अनेकदा नवा क्रमांक देते, आणि सॉफ्टवेअर मात्र जुन्याच क्रमांकावर वाट पाहत राहते.

लिनक्सवर सिरियल पोर्ट उघडण्याची परवानगी नसणे हे सर्वांत सामान्य कारण आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये आपले नाव डायलआउट या गटात घालावे आणि लॉगआउट करून पुन्हा आत यावे. उबुंटू २२.०४ मध्ये सीएच-३४० चिप असलेले उपकरण दिसून लगेच नाहीसे होत असेल, तर ब्रेल पटलांसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम त्यावर हक्क सांगत असतो. ब्रेल पटल वापरात नसल्यास तो काढून टाकावा.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर स्वतःचा कंट्रोलर बनवतात, त्यांच्यासाठी एवढेच : ऊनो हा बोर्ड संगणकाला मिडी उपकरण म्हणून नव्हे, तर सिरियल पोर्ट म्हणून दिसतो, म्हणून मध्ये सिरियलचे मिडीत रूपांतर करणारा प्रोग्रॅम लागतो आणि दोन्ही बाजूंचा बॉड वेग सारखा असावा लागतो. लिओनार्डो थेट मिडी म्हणून ओळख देऊ शकतो. आर्डुइनोच्या प्रोग्रॅममधील सिरियल मॉनिटर (पोर्टावरील मजकूर दाखवणारी खिडकी) उघडा राहिला असेल, तर तो आधी बंद करावा. पोर्ट त्यानेच धरून ठेवलेला असतो.

सॉफ्टवेअरला कळते का

संदेश येत असूनही सॉफ्टवेअर ढिम्म असेल, तर दोघांची भाषा जुळते का ते पाहावे. बरेच कंट्रोलर मॅकी कंट्रोल, एचयूआय (तशीच दुसरी संदेश-पद्धत) आणि साधी मिडी अशा अनेक भाषा बोलतात, पण एका वेळी एकच. कॉर्गच्या नॅनोकंट्रोल २ मध्ये तर सेट मार्कर आणि आणखी एक ठरावीक बटण दाबून धरूनच केबल लावावी लागते, तेव्हा भाषा बदलते. एचयूआयमध्ये सॉफ्टवेअर साधारण दर सेकंदाला एक हाक देते आणि कंट्रोलर तिला उत्तर देतो. कंट्रोलर चुकून मॅकीच्या भाषेत राहिला, तर उत्तर मिळत नाही आणि सॉफ्टवेअर त्याला अनुपस्थित समजते.

रीपर या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधील कंट्रोल सरफेसच्या पानावर योग्य प्रकार निवडून मिडी इनपुट आणि मिडी आउटपुट असे दोन्ही पोर्ट द्यावे लागतात. बटणे चालतात, पण मोटर फेडर हलत नाहीत आणि दिवे लागत नाहीत, अशी स्थिती असेल, तर आउटपुट देण्याचे राहून गेले आहे असे जवळजवळ निश्चित समजावे.

ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरवर जॉग व्हील कीबोर्डच्या कळांची नक्कल करून चालते. म्हणून संपादनाची खिडकी समोर असावी लागते, आणि मॅकवर त्या जॉग व्हीलच्या प्रोग्रॅमला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. येथे मराठीत काम करणाऱ्यांना एक खास अडचण येते, जी इंग्रजी पुस्तिकांत कोठेही सापडत नाही. ट्रॅकला मराठी नाव देण्यासाठी आपण इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू करतो आणि तो तसाच राहतो. मग व्हीलने पाठवलेल्या जे, के, एल या कळा काही प्रोग्रॅमांना र, क, त अशा पोहोचतात आणि शॉर्टकट लागू होत नाही. तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असूनही व्हील गप्प असेल, तर टास्कबारवरील भाषेच्या खुणेकडे एकदा पाहावे.

एवढे करूनही कंट्रोलर चालला नाही, तर तो दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. तेथेही मिडी-ऑक्समध्ये एकही ओळ उमटली नाही, तर तो दुरुस्तीला द्यावा, आणि देताना डिव्हाइस मॅनेजरमधील कोड व कोणती बटणे बोलत नाहीत हे कागदावर लिहून सोबत ठेवावे.