पाणी तापवायच्या रॉडचा रेझिस्टन्स आणि वॅट कसे काढायचे, आणि प्लग का वितळतो

मागच्या थंडीत आमच्या बाथरूमच्या बाहेरच्या बोर्डातला प्लग तपकिरी पडला, एका बाजूने चक्क मऊ झाला होता, आणि आई म्हणे रॉडच खराब निघाला. रॉड ठणठणीत होता. खराबी कुठे होती ते दोन आकडे मोजले की समजतं, आणि हे प्रत्येक घरात कुणालातरी यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं काम मोजणं. व्होल्टेज मल्टिमीटरवर एसी ७५० च्या रेंजला घ्यायचं, करंटसाठी क्लॅम्प मीटर वापरायचा. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून त्याच्या सळया सॉकेटमध्ये कधीही घालू नका, सरळ शॉर्ट होतो. क्लॅम्प मीटरचा जबडा एकाच वायरभोवती बसला पाहिजे, अख्ख्या केबलभोवती लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खातो आणि मीटर शून्य दाखवतो, इथे बरेच जण फसतात. सोपा मार्ग म्हणजे घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त रॉड चालू ठेवायचा आणि मेन बोर्डात वायरमनकडून फेजच्या वायरवर मोजून घ्यायचं. उघड्या बोर्डात सवय नसेल तर स्वतः हात घालू नका.

आमच्याकडे रॉड चालू असताना आलं २२२ व्होल्ट आणि ६.३ अँपिअर.

आता रेझिस्टन्स. दहावीच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध असे शब्द होते ते हेच, ओहमचा नियम, जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये मांडलेला. व्होल्टला अँपिअरने भागायचं: २२२ ÷ ६.३ = ३५.२ ओहम. पॉवरसाठी गुणायचं: २२२ × ६.३ म्हणजे जवळपास १४०० वॅट. बस, गणित एवढंच.

पण रॉडवर तर १५०० वॅट लिहिलंय, मग १०० कुठे गेले? ते १५०० हे २३० व्होल्टला असतात. व्होल्टच्या वर्गाला वॅटने भागलं की रेझिस्टन्स मिळतो: २३० चा वर्ग ५२९००, त्याला १५०० ने भागलं की ३५.३ ओहम, म्हणजे आपण मोजलेलाच रेझिस्टन्स. रॉड बरोबर आहे हे इथेच सिद्ध झालं. फक्त व्होल्टेज कमी होतं. आणि व्होल्टेज कमी झालं की पॉवर वर्गाच्या हिशोबाने पडते, गावाकडे संध्याकाळी १८० व्होल्ट आलं तर १८० × १८० ÷ ३५.३ म्हणजे जेमतेम ९१८ वॅट. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला पूर्ण १५०० वॅटला साडेसतरा मिनिटं लागतात, ९१८ ला साडेअठ्ठावीस, आणि हे हवेत जाणारी उष्णता सोडून.

आता मुद्द्याची गोष्ट, प्लग. रॉडची पिन मोठी, बोर्ड छोट्या पिनचा ६ अँपिअरचा, मध्ये कन्व्हर्टर लावलेला, आणि सॉकेटची पितळी पट्टी वर्षानुवर्षांच्या वापराने सैल. सैल जागी थोडा रेझिस्टन्स तयार होतो, समजा अर्धा ओहम. तिथे तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स: ६.३ × ६.३ × ०.५, जवळपास २० वॅट. आकडा छोटा वाटतो ना? पण रेडिओ दुरुस्तीवाले ज्या सोल्डरिंगने कथील वितळवतात ते २५ वॅटचं असतं, आणि इथे तेवढीच उष्णता प्लास्टिकच्या आत, पिनेच्या टोकाला कोंडलेली. आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा बोर्डातला स्विच) पडत नाही, कारण ३५ ओहममध्ये अर्धा मिळवला तर करंट उलट किंचित कमीच होतो, एमसीबीला सगळं नॉर्मल दिसतं. म्हणून प्लगला वास येतोय, रंग बदलतोय, तर ते एमसीबीच्या भरवशावर सोडू नका प्लीज.

हेच गणित इस्त्री, गिझर, हीटर सगळ्यांना चालतं. २००० वॅटचा गिझर म्हणजे २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर, त्याला १६ चा पॉइंटच लागतो. पंखा, मिक्सर, फ्रिज यांना मात्र नुसता गुणाकार चालत नाही, मोटर असते म्हणून पॉवर फॅक्टरने (एकपेक्षा कमी असलेला एक आकडा) पण गुणावं लागतं आणि खरे वॅट कमी निघतात. जुन्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स थंड असताना मोजलात तर तोही फसवतो, तार तापली की तो साधारण दहापट होतो.

आम्ही कन्व्हर्टर काढून टाकला, वायरमनने १६ अँपिअरचा नवीन पॉइंट मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर टाकून दिला. पहिल्या दिवशी रॉड वीस मिनिटं चालवला, स्विच बंद करून प्लग काढला आणि पिनांना बोट लावून पाहिलं, कोमट पण नव्हत्या.