दुधाच्या गावी स्वस्तात जायचंय? मग या चुका टाळा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा, राजापूर, संगमेश्वर या पट्ट्यातल्या आतल्या गावांत हल्ली पाठीवर सॅक घेऊन फिरणारी तरुण मंडळी दिसायला लागली आहेत. किनाऱ्यावरच्या खोल्यांचे दर ऐकून ती आत वळतात आणि गोठे, दूध डेअरी, सारवलेली अंगणं बघून खूश होतात. त्यांनी यावं असं मला मनापासून वाटतं. पण जो तो गट त्याच चुका करतो आणि त्याचा भुर्दंड ज्यांच्या घरी ती उतरतात त्यांना पडतो, म्हणून हे लिहितेय.

मोठा फार्म बघायला येणं

'डेअरीचं गाव' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पन्नास म्हशी आणि दूध काढायची यंत्रं येतात. इथे घरामागे गोठा असतो आणि त्यात दोन-चार जनावरं. एखादी जर्सी संकर, एखादी म्हैस, बाकी गावठी गाई. ही गावठी गाय अंगानं लहान, डोंगरउतारावर चरणारी, कोकणचा पाऊस सोसणारी. २०१८ मध्ये तिची 'कोकण कपिला' या नावानं देशी जातींच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. दिवसाला दोन-तीन लिटर दूध दिलं तरी घरचे समाधानी असतात. त्यामुळे बाजारपेठेतल्या टपरीवर चहा पिऊन गावच्या दुधाचं कौतुक करू नका; ते बहुतेकदा कोल्हापूरकडून घाट उतरून आलेलं पिशवीचं दूध असतं. गावचं दूध गावातल्या घरीच मिळतं.

स्टेशनवर उतरून स्पेशल रिक्षा करणं

बजेट इथेच कोसळतं. कोकण रेल्वे डोंगरातून काढलेली आहे, त्यामुळे स्टेशनं गावांपासून लांब. 'राजापूर रोड' हे नाव वाचून लोक उतरतात आणि राजापूर शहर तिथून बरंच दूर आहे हे त्यांना बाहेर आल्यावर कळतं. लांज्याला तर स्टेशनच नाही. विलवडे किंवा आडवलीला उतरावं लागतं. मग स्पेशल रिक्षा, आणि तिचं भाडं रेल्वेच्या तिकिटाच्या कितीतरी पट.

मी हे वेगळ्या पद्धतीनं करते. मुंबई-गोवा हायवेवरच्या आगारापर्यंत एसटीनं यायचं आणि चौकशीच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारायचा: "अमुक गावाची वस्तीची गाडी किती वाजता?" वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन रात्री तिथेच मुक्काम करणारी आणि पहाटे पहिल्या फेरीला परत निघणारी एसटी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. या गाडीत बाजार करून निघालेली माणसं असतात, कॉलेजची पोरं असतात, आणि कुणाच्या घरी राहायची सोय होईल हे कंडक्टरला बहुतेक वेळा ठाऊक असतं. दुपारी आगारात पोहोचलात तर दोन तास बसून काढा, पण ही गाडी सोडू नका. दोन तास बसवत नाही म्हणून रिक्षा करणाऱ्यांनी नंतर बजेटच्या गप्पा मारू नयेत.

एक खाचखळगा सांगते. गावातल्या बऱ्याच फेऱ्या शाळेसाठी असतात. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या बंद होतात. फोनवर सापडलेलं जुनं वेळापत्रक तुम्हाला हे सांगणार नाही, म्हणून आदल्या दिवशी आगारात फोन करा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास चांगला आहे, पण एकाच गावात मुक्काम करणाऱ्यानं तो घेऊन पैसे अडकवू नयेत.

धार काढताना गोठ्यात घुसणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. पुण्याहून चौघं आली होती, ओळखीतूनच. मुलं सालस होती. ज्या घरी उतरली होती तिथल्या काकींनी आदल्या रात्री सांगितलं होतं, "सकाळी या बघायला, पण गप उभं राहा." सकाळी सहाला काकी कास धुऊन धारेला बसल्या आणि चौघं गोठ्यात शिरली. एकानं मोबाईलचा टॉर्च सरळ गाईच्या तोंडावर मारला, दुसरी वासराला मिठी मारून फोटो काढायला वाकली. वासरू ओरडलं. गाईनं लाथ झाडली, धारेची चरवी, म्हणजे दुधाचं भांडं, आडवी झाली आणि काढलेलं दूध शेणात गेलं. काकींनी वासरू परत लावून बघितलं, पाठीवरून हात फिरवला, आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, पुढे ठेवलं. शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "आज काय ती सोडायची नाय."

इथे नक्की काय बिघडतं ते समजून घ्या. वासरू तोंड लावतं, ओळखीचा हात कासेला लागतो, तेव्हा गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा फुटतो. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. तेवढ्यात धार उरकायची असते. गाय बिचकली की ॲड्रेनलिन वाढतं आणि पान्हा अडतो. गाय दूध चोरते म्हणतात ते हेच. आणि नुकसान नुसतं लिटरचं होत नाही. सगळ्यात जास्त फॅट शेवटच्या धारांत असतं. धार अर्धवट राहिली की डेअरीवर फॅट कमी लागतं, आणि दर तर फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागावर, ठरतो. गाईच्या दुधाचा दर फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ टक्के धरून काढतात, त्याखाली गेलं की कापतात. शिवाय कासेत दूध साठून राहिलं की दगडी, म्हणजे कासेला सूज, होण्याची भीती. त्या दिवशी काकींच्या हातात पडलेली डेअरीची चिठ्ठी मी पाहिली आहे. आणि त्याच दुपारी त्या चौघांपैकी एकानं जेवणाचे पैसे कमी करता येतील का असं विचारलं. मला राग आला तो अजून गेलेला नाही.

म्हणून पहिल्या सकाळी गोठ्यात जायचंच नाही. ओटीवर बसा. संध्याकाळच्या धारेला दारात उभे राहा, गाईला तुमचा वास आणि आवाज कळू दे. दुसऱ्या दिवशी काकींनी बोलावलं तर आत जा, फोन खिशात. फोटो हवेत तर गुरं चरून परत येताना काढा, तेव्हा उजेडही चांगला असतो. ज्यांच्याकडे एकच रात्र आहे त्यांनी धारेचा नाद सोडावा आणि किटल्या घेऊन डेअरीवर येणारी माणसं बघावीत. तिथे कुणाची हरकत नसते, फक्त काट्यासमोर उभे राहू नका.

धारोष्ण दूध मागणं

कच्चं दूध ताकदीचं असतं हे डोक्यातून काढून टाका. ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय कच्च्या दुधातून माणसाला होतो. गावातली शहाणी माणसं दूध उकळूनच पितात, तुम्हीही प्या.

तेच बूट घालून गावभर गोठे फिरणं

लाळ्या-खुरकूत या गुरांच्या साथीच्या रोगाचा विषाणू बुटांच्या चिखलातून एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो. तुम्ही तीन वाड्यांतले तीन गोठे बघून फोटो टाकता आणि मागे कुणाची तरी दुभती म्हैस आटते. मी गोठ्यासाठी साध्या रबरी चपला वेगळ्या ठेवते आणि बाहेर पडताना साबणानं घासून धुते. पावसाळ्यात अनवाणी तर अजिबात जाऊ नका. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप पसरतो, आणि पायावरची छोटीशी जखमही त्याला पुरते. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना गोठ्यात गेल्याचं आवर्जून सांगा.

खरवसाचा हट्ट

खरवस चिकाचा होतो आणि चीक गाय व्याल्यावर जेमतेम तीन-चार दिवस. त्यावर पहिला हक्क वासराचा. उरलेला चीक शेजारीपाजारी वाटतात, विकायला काढत नाहीत. कुणी वाटीभर खरवस पुढे ठेवला तर खा. "आज खरवस मिळेल का?" असं फोनवर विचारू नका.

दुधाचा भाव करणं

पिशवीचा दर सांगून घासाघीस करू नका. तुम्हाला दिलेलं लिटर डेअरीत जाणाऱ्या दुधातून काढलेलं असतं. मागतील ते द्या, आणि उजेडी मागा. दिवेलागणीनंतर कित्येक घरांत दूध बाहेर देत नाहीत.

चुकीच्या दिवसांत येणं

जुलैत लावणी असते, कुणाला मान वर करायला सवड नसते. गणपती आणि शिमग्याला मुंबईला नोकरीला गेलेले सगळे चाकरमानी घरी येतात, त्यामुळे गाडीत जागा नाही आणि घरातही नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि या दोन सणांचं बघता बघता भरतं. सजवलेली गुरं बघायची असतील तर पोळ्याला येऊन निराश होऊ नका. आमच्याकडे गुरांचा मान दिवाळीच्या पाडव्याला. नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यात उत्तम. भात कापून झालेलं असतं, अंगणाबाहेर पेंढ्याची उडवी रचलेली असते आणि लोकांना बोलायला वेळ असतो.

रोख रक्कम आणा, सुट्ट्या पैशांत. नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं.

आणि हिशोब आदल्या रात्रीच पुरा करा. वस्तीची गाडी पहाटे सुटते ती वेळ धारेची, आणि पैसे घ्यायला काकींना अर्ध्या धारेवरून उठवता येत नाही.